आइसलंडचे उपकारकर्ते डॉ. हाराल्ड क्राबे

गेल्या पावसाळ्यात मधल्या सुटीच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात एक लहानशी गोष्ट माझ्या दृष्टीस पडली. पाचवीतील एका मुलाच्या मागोमाग त्याच्या घरचे कुत्र्याचे पिल्लू शाळेपर्यंत आले होते. मुलाने आपला डबा उघडला, अर्धी पोळी स्वतः खाल्ली, उरलेली पिल्लास दिली आणि मग रिकामा डबाच त्याच्यापुढे धरला. पिल्लाने तो इतका लख्ख चाटला की, आता तो धुण्याची गरज उरली नाही असे त्या मुलास वाटले. त्याने त्यातच पाणी घेतले व तो ते पिऊ लागला. मी त्यास थांबविले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आपण मुक्या प्राण्यावर दया केली आणि गुरुजी मात्र रागावले, असे त्यास वाटले असावे. इतक्यात घंटा झाली व माझे सांगणे अर्धवट राहिले. ते आज पुरे करावे, ह्या हेतूने एका सत्पुरुषाचे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे.

विद्यार्थिमित्रहो, चरित्रे म्हटली की राजे, सेनापती, कवी व देशभक्त ह्यांचीच नावे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्यांनी तलवार धरली नाही, सिंहासन भूषविले नाही, आणि ज्यांच्या हाती एक लहान सुरी व एक भिंग ह्यांवाचून दुसरे शस्त्र नव्हते, अशाही पुरुषांनी देशच्या देश संकटातून सोडविले आहेत. डेन्मार्क देशातील डॉक्टर हाराल्ड क्राबे हे अशांपैकीच एक होत. आइसलंड नावाच्या दूरच्या बेटावर त्यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते.

क्राबे ह्यांचा जन्म १८३१ साली झाला. कोपनहेगन येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. परंतु दवाखाना थाटून धन मिळवावे ह्यापेक्षा प्राण्यांच्या शरीरांची रचना व त्यांत राहणारे कृमी ह्यांचा अभ्यास करावा, ही त्यांची आवड अधिक बलवत्तर ठरली. कोपनहेगनच्या पशुवैद्यक व कृषिविद्यालयात त्यांनी आपले आयुष्य वेचले. डेन्मार्कात ह्या विद्येची परंपरा जुनी होती. तेथील पशुवैद्यक शाळेचे संस्थापक आबिल्डगार्ड ह्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच असे दाखविले होते की, एका लहान माशाच्या पोटातील कृमी त्या माशास खाणाऱ्या पाणपक्ष्याच्या पोटात गेल्यावर पूर्ण वाढीस लागतो. एका प्राण्यात बालपण घालवावे आणि दुसऱ्यात प्रौढ व्हावे, असे ह्या कृमींचे विलक्षण जीवन असते. क्राबे ह्यांचे पुढील सारे कार्य ह्याच एका तत्त्वाच्या आधारावर उभे राहिले.

आता आपण थोडा वेळ आइसलंडकडे वळू. उत्तर अटलांटिक महासागरात, उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी लगत हे बेट आहे. त्या काळी ते डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. १८६० च्या सुमारास तेथील लोकसंख्या अवघी ६७,००० होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याइतकीही नव्हती. हिवाळा दीर्घ व कडक, झाडे विरळ आणि शेती नाममात्र. लोकांची सारी उपजीविका मेंढरांवर व मासेमारीवर चाले. मेंढरांचे मांस खावे, त्यांचे दूध प्यावे, त्यांच्या लोकरीचे कपडे करावे, असा तो संसार होता. डोंगरात विखुरलेली मेंढरे हुडकून आणावयाची तर कुत्र्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून प्रत्येक वाडीवर कुत्रे असत. लाकूड दुर्मिळ, त्यामुळे घरांच्या भिंती दगडांच्या व गवताळ मातीच्या ढेपळांच्या असत, आणि छपरावरही गवतच वाढलेले असे. थंडीच्या दिवसांत घरातील सर्व माणसे, गडीमाणसांसह, एकाच लांबट खोलीत बसत, जेवीत आणि निजत. त्याच उबेला कुत्रेही येऊन बसे.

अशा ह्या कष्टाळू व साध्याभोळ्या लोकांत एक भयंकर रोग पसरला होता. रोग्याच्या पोटात, विशेषतः काळजात, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाने भरलेली एक पिशवी तयार होई. कधी ती फुप्फुसात होई. ही पिशवी एकदम वाढत नसे. वर्षामागून वर्षे ती हळूहळू मोठी होत जाई, आणि पुढे पुढे पोट इतके फुगे की रोग्यास चालणे किंवा श्वास घेणेही कठीण पडे. कधी ती आतल्या आत फुटे आणि रोगी दगावे. डॉक्टर लोक ह्या विकारास हायडॅटिड म्हणतात. आपण त्यास जलकोष म्हणू. १८४७ व १८४८ ह्या वर्षी श्लाइस्नर नावाचे डॅनिश डॉक्टर आइसलंडची आरोग्यविषयक पाहणी करण्यास गेले होते. हा रोग तेथे किती फैलावला आहे, हे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले, तेव्हा युरोपातील वैद्यमंडळी चकित झाली. इतरत्र जो विकार क्वचित आढळे, तो येथे घरोघर ठाऊक होता.

त्यावर उपाय काय होता? उत्तर आइसलंडात फिन्सेन नावाचे एक डॉक्टर होते. ते रोग्याच्या पोटावर दाहक क्षार लावीत, हळूहळू कातडी व मांस जाळीत आतील पिशवीपर्यंत वाट करीत आणि मग ती रिकामी करीत. ह्या उपचारास पुष्कळ दिवस लागत व रोग्यास यातना सोसाव्या लागत. तरीही त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. परंतु एका रोग्यास बरे करावे, तोच दुसरे येऊन दाराशी उभे राहत. गळक्या छपराखाली भांडी मांडून घर कोरडे होत नाही. छपर कोठे गळते हे शोधावे लागते. तसेच हे होते.

छपर कोठे गळते, हे शोधण्याचे काम जर्मन शास्त्रज्ञांनी आरंभिले होते. अशा पिशव्या शरीरात दूषित रसांपासून आपोआप उत्पन्न होतात, असा जुन्या काळी पुष्कळांचा समज होता. कूखनमाइस्टर ह्यांनी सशांच्या शरीरातील अशा पिशव्या मांसाहारी जनावरांस खाऊ घातल्या आणि त्यांच्या आतड्यात त्यांचे पट्टकृमी झालेले दाखविले. १८५२ साली फॉन सीबोल्ड ह्यांनी खाटीकखान्यातील जनावरांचे जलकोष आणून कुत्र्यांच्या पिल्लांस दिले. काही आठवड्यांनी त्या पिल्लांच्या आतड्यांत अतिशय लहान असे असंख्य पट्टकृमी चिकटलेले आढळले. पिशवी आणि कृमी ही एकाच जिवाची दोन रूपे आहेत, हे ह्यावरून सिद्ध झाले.

ह्या कृमीचा प्रवास कसा होतो, तो नीट ध्यानात घ्या. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा पट्टकृमी तांदळाच्या कणीएवढा, फार तर ६–७ मिलिमीटर लांबीचा असतो. एका कुत्र्याच्या पोटात ते हजारोंनी असू शकतात. नवल हे की, इतके असूनही कुत्रे बहुधा आजारी दिसत नाही. कृमींची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती डोळ्यांस दिसत नाहीत. ती गवतावर पडली की मेंढरांच्या पोटात जातात. कुत्र्याच्या केसांस, तोंडास किंवा अंगणातील मातीस लागली की माणसाच्या हातावाटे त्याच्या पोटात जातात. पोटात अंडे फुटून त्यातील सूक्ष्म जीव रक्तावाटे काळजात अगर फुप्फुसात जाऊन बसतो आणि त्याचा जलकोष होतो. मेंढरू कापले म्हणजे त्याचे ते बिघडलेले काळीज कोणी खात नाही. ते कुत्र्यापुढे टाकले जाते. कुत्रे ते खाते, आणि सुमारे सहासात आठवड्यांत त्याच्या आतड्यात नवे कृमी वाढून पुन्हा अंडी टाकू लागतात. कुत्र्यापासून मेंढरास व मेंढरापासून कुत्र्यास, असे हे चक्र अखंड फिरत राहते. माणूस मात्र त्यात मध्येच सापडून भरडला जातो.

पण एक शंका अजून उरली होती. मेंढराच्या पोटातील जलकोष आणि माणसाच्या पोटातील जलकोष खरोखर एकच आहेत काय? आणि आइसलंडातील कुत्र्यांत हा कृमी आहे तरी किती? ह्या प्रश्नांची उत्तरे पुस्तके चाळून मिळणारी नव्हती. म्हणून डेन्मार्कच्या सरकारच्या साहाय्याने १८६३ साली क्राबे ह्यांनी आइसलंडची वाट धरली. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते.

तेथे त्यांनी जे काम केले ते कोणासही हेवा वाटावा असे नव्हते. एकामागून एक अशी १०० कुत्र्यांची शवे त्यांनी उघडली, त्यांची आतडी तपासली आणि त्यांत कोणकोणते कृमी आहेत ह्याची काळजीपूर्वक नोंद केली. त्या १०० कुत्र्यांपैकी २८ कुत्र्यांत हा घातक कृमी सापडला. म्हणजे चार कुत्र्यांमागे एकाहून अधिक. घरातील मुलांबरोबर खेळणाऱ्या, म्हाताऱ्यांच्या पायांशी निजणाऱ्या त्या इमानी जनावरांपैकी इतक्यांच्या पोटात हा शत्रू लपून बसला होता! ह्याखेरीज, माणसाच्या शरीरातून काढलेल्या जलकोषातील द्रव्य त्यांनी व डॉक्टर फिन्सेन ह्यांनी कुत्र्यांस देऊन पाहिले, आणि त्यापासूनही तोच पट्टकृमी निपजतो हे दाखविले. त्याच वर्षी बर्लिन येथे नाउनिन ह्यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. शंकेस आता जागा राहिली नाही.

क्राबे ह्यांनी केवळ आतडी पाहिली नाहीत. लोकांचे राहणेही पाहिले. शरदऋतूत मेंढरे डोंगरावरून खाली आणली की प्रत्येक घरी हिवाळ्याच्या बेगमीसाठी ती कापली जात, आणि टाकाऊ आतडी व गाठींनी भरलेली काळजे जवळच उभ्या असलेल्या कुत्र्यांच्या वाट्यास येत. लोक लाकडी झाकणाच्या भांड्यांत जेवीत. जेवण झाल्यावर ती भांडी कुत्र्यांस चाटावयास देण्याची चाल होती. पाणी तापविण्यास जळण थोडे, म्हणून भांडी घासण्यातही काटकसर होई. लहान मुले कुत्र्यांच्या गळ्यात पडत, कुत्री त्यांचे तोंड चाटीत. म्हणजे रोग जो येई तो वैराच्या वाटेने नव्हे, तर मायेच्याच वाटेने घरात येई. आणि बालपणी शिरलेला तो शत्रू पुढे तरुणपणी किंवा उतारवयात आपले रूप प्रकट करी.

येथे क्राबे ह्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. जलकोष विरघळविणारे औषध त्या काळी जगात कोठेही नव्हते. बेटावरील सर्व कुत्रे मारून टाका, असे सांगणे सोपे होते. परंतु कुत्र्यावाचून मेंढरे राखता आली नसती आणि मेंढरांवाचून लोक उपाशी मेले असते. डॉक्टर मोजके, वाड्या एकमेकींपासून कोसच्या कोस दूर, रस्ते जवळजवळ नाहीत. प्रत्येक घरी जाऊन समजावणे ही अशक्य गोष्ट. अशा स्थितीत विद्वानांनी एखादा जाडजूड ग्रंथ लिहिला असता आणि कर्तव्य झाले म्हणून ते स्वस्थ बसले असते. ग्रंथ तर क्राबे ह्यांनीही लिहिला; डेन्मार्क व आइसलंड येथील कृमींविषयींचे आपले शोध त्यांनी १८६५ साली डॅनिश भाषेत आणि १८६६ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले. परंतु त्याच्याही आधी त्यांनी एक निराळी गोष्ट केली.

१८६४ साली त्यांनी आइसलंडच्या लोकांसाठी, त्यांच्याच भाषेत, एक लहानशी पुस्तिका छापविली. जलकोषाचा रोग कशापासून होतो व तो कसा टाळावा, एवढाच तिचा विषय होता. ती फुकट वाटण्यात आली आणि घरोघर पोहोचविण्यात आली. वाचक म्हणतील, खेडवळ धनगरांस पुस्तके पाठवून काय उपयोग? परंतु आइसलंडचे वैशिष्ट्य ह्याच ठिकाणी आहे. गरीब असले तरी ते लोक निरक्षर नव्हते. मुलांस वाचता येते की नाही, ह्याची चौकशी तेथील धर्मगुरू अठराव्या शतकापासून घरोघर जाऊन करीत, आणि आईबाप चुलीजवळच मुलांस अक्षरे शिकवीत. हिवाळ्याच्या लांब रात्री सर्व कुटुंब त्या एकाच खोलीत दिव्याभोवती बसे. कोणी लोकर पिंजी, कोणी सूत काती, कोणी विणी, आणि एकजण मोठ्याने वाची. आपल्याकडे चातुर्मासात पोथी ऐकावयास घरची व शेजारची मंडळी जमतात, तसाच तो देखावा असे. त्या वाचनाच्या बैठकीत आता क्राबे ह्यांची पुस्तिका जाऊन पोहोचली. श्रोत्यांत ते कुत्रेही बसलेले असेलच!

त्या पुस्तिकेने सांगितलेले उपाय अगदी साधे होते. मेंढराच्या शरीरात पाण्याच्या गाठी दिसल्या तर ते मांस कुत्र्याच्या तोंडी कधीही पडू देऊ नये. ते जाळावे किंवा कुत्र्यास उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. आपल्या ताटवाट्या कुत्र्यास चाटू देऊ नयेत. त्यास आपले हात व तोंड चाटू देऊ नये. कामापुरतेच कुत्रे ठेवावे, उगाच त्यांची संख्या वाढवू नये. कुत्र्यांस जंताचे औषध द्यावे. ह्या उपायांस पैसा लागत नव्हता. वर्षानुवर्षांची सवय तेवढी मोडावी लागत होती. आणि सवय मोडणे हे पैसा खर्चण्याहून कठीण असते, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे.

सरकारनेही मागोमाग पावले उचलली. १८६९ साली कुत्रे बाळगण्याविषयी कायदा झाला व त्यांची संख्या कमी करण्याचा यत्न करण्यात आला. १८९० साली दुसरा कायदा झाला, त्यान्वये कुत्र्यांवर कर बसला आणि दरवर्षी त्यांस जंतांचे औषध देणे आवश्यक ठरले. येथे आपल्या कोकणातील वाचकांस कौतुक वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. त्या काळी आणि नंतरही पुष्कळ वर्षे, कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी अनेक देशांत जे औषध वापरीत, ते आपल्या बागांत पिकणारी सुपारीच होय. तीत ॲरेकोलिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या योगाने कृमी लुळा पडून आतड्यापासून सुटतो आणि कुत्र्यास जोराचे ढाळ होऊन बाहेर पडतो. परंतु त्या ढाळांत कृमी व अंडी ह्यांचा नुसता सडा असे. म्हणून औषध दिलेल्या कुत्र्यास बांधून ठेवावे लागे आणि ती सारी घाण जाळून किंवा पुरून टाकावी लागे. नाहीतर उपायच अपाय होऊन बसे.

आता ह्या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग पुढे येतो. पुस्तिका वाटली आणि दुसऱ्या वर्षी रोग नाहीसा झाला, असे मुळीच घडले नाही. जलकोष वाढण्यास वर्षानुवर्षे लागतात. ज्यांच्या शरीरात तो १८६४ पूर्वीच शिरला होता, ते पुढे कित्येक वर्षे रोगी होतच राहिले. रेक्याविक येथील डॉक्टर ग्वुदमुंदुर माग्नुसॉन ह्यांनी पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा अनेक रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. वरवर पाहणाऱ्यास वाटले असेल की, पुस्तिकेचा उपयोग झाला नाही. ज्या आईने १८६५ साली मुलाच्या हातातील भांडे कुत्र्यापुढून ओढून घेतले, तिला आपण काय टाळले हे कधी दिसलेच नसेल. तिचे फळ तिच्या मुलाच्या पोटात दिसावयाचे होते, आणि तेही काही न होण्याच्या रूपाने! न झालेल्या रोगाची कोणी मिरवणूक काढीत नाही. तरीही त्या हजारो घरांतील आयाबापांनी ते ऐकले व पाळले.

क्राबे स्वतः कोपनहेगनला परत गेले आणि आपल्या विद्यालयात शिकवीत राहिले. १८६९ साली त्यांनी पक्ष्यांच्या पट्टकृमींविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. आइसलंडशी त्यांचा ऋणानुबंध मात्र आणखी दृढ झाला. रेक्याविकमधील एका वृत्तपत्रकर्त्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे चिरंजीव क्नूद क्राबे हे पुढे मज्जासंस्थेचे नामांकित डॉक्टर झाले; लहान मुलांच्या एका दुर्मिळ रोगास जे क्राबे हे नाव आहे, ते ह्या पुत्राचे होय. पित्याचे नाव कोणत्याही रोगास मिळाले नाही. त्यांच्या नावावर एका रोगाचा ऱ्हास तेवढा जमा आहे. १९१७ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, हाराल्ड क्राबे ह्यांचे देहावसान झाले. तोपर्यंत आइसलंडच्या नव्या पिढीत हा रोग विरळ होऊ लागला होता.

पुढे रेक्याविक येथील नील्स दुंगाल ह्या प्राध्यापकांनी शवपरीक्षांच्या नोंदी तपासून ह्या गोष्टीचा निवाडा केला. त्यांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला लेख फार उद्बोधक आहे. पुस्तिकेच्या आधी जन्मलेल्या लोकांच्या शरीरांत जलकोष वारंवार सापडत. नंतरच्या पिढ्यांत मात्र ते झपाट्याने कमी होत गेले, आणि ही उतरण १८९० च्या कायद्याच्या आधीपासूनच लागली होती. ह्याचे मोठे श्रेय त्यांनी क्राबे ह्यांच्या पुस्तिकेस दिले. खरेपणास स्मरून हेही सांगितले पाहिजे की, इतर कारणांचेही साह्य झाले. मेंढरे कोवळ्या वयातच कापण्याची चाल पडली, त्यामुळे त्यांच्या शरीरात जलकोष वाढण्यास अवधी राहिला नाही. विसाव्या शतकात सार्वजनिक खाटीकखाने निघाले, आणि टाकाऊ भाग कुत्र्यांच्या तोंडी पडण्याचे थांबले. १९२४ साली तर रेक्याविक शहरात कुत्रे पाळण्यासच बंदी करण्यात आली; ती १९८४ साली शिथिल झाली. ह्या सर्वांच्या योगाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलंड ह्या रोगापासून मुक्त झाले. एकेकाळी जो देश ह्या रोगासाठी जगात कुप्रसिद्ध होता, तोच त्याच्या निर्मूलनाचे उदाहरण म्हणून गणला जाऊ लागला.

पालकमंडळींस वाटेल की, ही दूरदेशीची कहाणी आमच्या काय कामाची? परंतु हा कृमी आपल्या देशातून गेलेला नाही. जेथे मेंढरे, शेळ्या व गुरे कापली जातात आणि त्यांची आतडी मोकाट कुत्र्यांच्या वाट्यास येतात, तेथे ते जुने चक्र आजही फिरते आहे. आपल्या इस्पितळांत जलकोषाचे रोगी आजही येतात. शिवाय कुत्र्यामांजरांच्या पोटात दुसरेही जंत असतात. पिल्लांस गोल जंत तर पुष्कळदा आईच्या उदरातच लागतात. त्यांची अंडी अंगणातील मातीत मिसळून, मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. एका जातीचा पट्टकृमी पिसवांवाटे येतो. त्याचे तुकडे शिजलेल्या भाताच्या शितासारखे जनावराच्या शेपटीखाली दिसतात. पोट नगाऱ्यासारखे फुगणे, केसांची तुकतुकी जाणे, खाऊनही अंग न धरणे, ही पिल्लाला जंत झाल्याची चिन्हे होत. पण चिन्ह दिसत नाही म्हणून जंत नाहीत असे समजू नये, हे आइसलंडच्या त्या २८ कुत्र्यांनी आपणास शिकविले आहे.

म्हणून घरी कुत्रे किंवा मांजर असेल तर पशुवैद्याकडून वेळोवेळी त्याची विष्ठा तपासून घ्यावी. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पुष्कळ जातींची अंडी ओळखता येतात. आता सुपारीचे जहाल औषध देण्याचे कारण उरलेले नाही, आणि ते घरी कोणी करूनही पाहू नये. पट्टकृमींवर १९७० नंतरच्या दशकात निघालेले प्राझिक्वांटेल हे औषध उत्तम गुण देते. गोल जंतांची औषधे निराळी आहेत. कोणते, किती व केव्हा द्यावे हे पशुवैद्यच जनावराचे वजन व वय पाहून ठरवील. पिल्लांस ती वरचेवर द्यावी लागतात. परंतु औषधाने पोटातील कृमी मरतात, अंगणात पडलेली अंडी मरत नाहीत. म्हणून विष्ठा उचलून खोल पुरावी. कच्ची काळजे व आतडी जनावरास घालू नयेत. पिसवांचा बंदोबस्त करावा. भाजी स्वच्छ धुवावी, आणि जनावरास हात लावल्यावर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे.

बालमित्रहो, आता तुमच्याशी दोन शब्द. कुत्र्यावर प्रेम करू नका, असे क्राबे ह्यांचे चरित्र सांगत नाही. आइसलंडच्या धनगरांनी कुत्रे टाकले नाही. त्यांनी त्याचे भांडे निराळे केले. प्रेमास ज्ञानाची जोड नसली म्हणजे तेच प्रेम घात करते, आणि ती जोड मिळाली म्हणजे माणूस व जनावर दोघेही सुखी होतात. तसेच, छापलेला कागद ही सामान्य वस्तू आहे असे कधी समजू नका. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी किंवा आई अशा असतील की, ज्यांस वाचता येत नाही. तुम्ही शाळेत जे शिकता ते संध्याकाळी त्यांस वाचून दाखविले, तर आइसलंडच्या त्या दिव्याभोवतीच्या वाचकांचेच काम तुम्ही केले असे होईल.

व्हरांड्यातील त्या मुलास मी दुसऱ्या दिवशी बोलावून ही सर्व हकिकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली व काही न बोलता तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात पिल्लू पुन्हा शाळेच्या फाटकाशी आलेले दिसले. मधल्या सुटीत तो मुलगा आपल्या दप्तरातून नारळाची एक करवंटी काढून घेऊन गेला, तीत त्याने पोळीचे तुकडे घातले आणि ती पिल्लापुढे ठेवली. नंतर तो नळाशी गेला, त्याने हात धुतले, आणि मग आपला डबा उघडला.